खंडेनवमीचा कॅमेरा

राजशेखर लग्नांचे फोटो काढायचे. ते गेल्यावर त्यांचा जुना रिळाचा कॅमेरा मागायला दोघं येऊन गेले. दोघांनाही तो शोभेला मांडायचा होता. त्यांच्या पत्नीने, भुवनेश्वरीकाकूंनी, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. अर्ध्या सोलापूरच्या नवऱ्या ज्याने टिपल्या, तो काय हॉटेलात फुलदाणीशेजारी बसवायचा? पण मंगळवेढ्याची ही उत्कर्षा सोबत रीळ घेऊनच आली आणि काकूंचा तिच्यावर जीव जडला. कॅमेरा हिलाच जावा, असं त्यांना फार वाटलं.

नवी पेठेकडच्या खिडकीत उभी राहून पोरीने सोयरीक बघावी तसा कॅमेरा तपासला. लेन्स उजेडात धरली, खटका दाबून कानाशी नेला. मग तिने कॅमेऱ्याला डोळा लावून समोरच्या सराफाच्या पाटीकडे बघत लेन्सचं कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"काकू, ह्यात मधोमध पाटी दोनदा दिसाय पायजे. कडं फिरवलं की दोन्ही एकावर एक बसत्यात, मगच फोटो नीट येतो. हितं एकच दिसतीय. पुढच्या बारक्या काचेला बुरशी धरलीय की. न्हाय जमायचं."

काकूंनी वाकून ती काच पाहिली आणि त्या चांगल्याच ओशाळल्या.

"बुरशी न्हाय गं, भस्म हाय ते. हे गेल्यापासनं दर खंडेनवमीला मीच लावतीय. मोठ्या काचेवर झाकण, मग म्हटलं ही बारकी म्हंजे त्याचं कपाळ."

उत्कर्षाला हसू आवरेना. ती फुंकर घालणार, तोच काकूंनी तिचा हात धरला.

"भस्म उडवत्यात व्हय?"

त्यांनी खाली पदर पसरला. पोरीने रुमालाच्या टोकाने हलकेच पुटं काढली, डोळा लावला आणि ओरडलीच, "आल्या काकू, दोन पाट्या आल्या!"

तिने कॅमेरा काकूंच्या हातात दिला. उभ्या संसारात नवऱ्याने त्यांना त्याला शिवू दिलं नव्हतं. कडं फिरलं, पाट्या सरकत सरकत एक झाल्या, आणि काकूंचे डोळे भरून आले.

"असं बघायचे व्हय हे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा पोरी. खंडेनवमी तेवढी इसरू नको."

"न्हाय इसरत. पण भस्म पट्ट्याला लावीन."

काकू रडता रडता हसल्या. पदरातलं भस्म चिमटीत घेऊन त्यांनी आधी पोरीच्या कपाळाला लावलं आणि उरलेलं आपल्या.