खोळीतला सेंटर स्पीकर

मी सेंटर स्पीकर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर तेच तर केलं. पण सगळं दुसऱ्यांचं. नायकाचं, खलनायकाचं, बातम्या देणाऱ्या बाईंचं. स्वतःचा म्हणून एक शब्द कधी काढला नाही. आज घसा पार बसलाय, तेव्हा म्हटलं, निदान जाता जाता आपलं थोडं बोलून घ्यावं.

मी एकटा जन्मलो नाही. एका खोक्यात आम्ही सहा भावंडं होतो आणि आमच्यावर हुकूम चालवायला एक रिसीव्हर. खोकं उघडलं या घरातल्या मुलानं. बाहेरगावी नोकरी करणारा, आईबाबांसाठी हौसेनं सगळं घेऊन आलेला. उत्साह असा की विचारू नका.

"आई, हे फाइव्ह पॉइंट वन आहे."

"पाच कळले. पॉइंट वन म्हणजे काय? एक अर्धवट राहिलाय का?"

"अगं, तो सबवूफर. फक्त धडाम-धुडूम करणारा. म्हणून त्याला पूर्ण एक धरत नाहीत."

सबवूफरचा चेहरा पडला, पण तो बोलणार काय! त्याला कोपऱ्यात बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याच्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. दोघे उंच भाऊ टीव्हीच्या डाव्या-उजव्या अंगाला उभे राहिले, गाणी-बिणी त्यांच्याकडे. दोघे सराउंड मागच्या भिंतीवर टांगले गेले. पाऊस पडला, मागून कुणी चालत आलं, की त्यांचं काम. वर्षातून चार वेळा पान हलवतात आणि ऐट केवढी! मला टीव्हीखालच्या फळीवर आडवं ठेवलं. माणसं जे काही बोलतात, ते माझ्यातून येतं. सगळ्यात जास्त राबतो तो मीच, आणि पाहुण्यांना दाखवताना माझं नाव कुणी घेत नाही. असो.

चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तेव्हा आई म्हणाल्या, "एवढा मोठा टीव्ही आणला आणि चित्र आखूड पडलं होय रे?" मुलानं पडद्याचा आकार, सिनेमाचा आकार, फोर-के म्हणजे किती बारीक ठिपके, सगळं समजावलं. आईंनी मान डोलावली. त्या सगळ्यालाच मान डोलावत. हे लक्षात ठेवा.

बाबा मात्र पहिल्या दिवशी डोळे मिटून बसले. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कान हीच त्यांची मिळकत. म्हणाले, "लाइन अगदी स्वच्छ आहे बुवा." मला धन्य वाटलं.

मुलगा परत गेला आणि आईंनी शिवणयंत्र काढलं.

या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला झबलं, रिमोटला प्लास्टिक, इस्त्रीलासुद्धा पिशवी. लेकानं प्रेमानं आणलेल्या वस्तूवर धूळ बसलेली त्यांना कशी खपेल? उंच भावांना पुरेल एवढं कापड नव्हतं, सराउंडपर्यंत हात पोचेना, सबवूफरवर तर बाबाच बसत. राहिलो मी, उशीएवढा. जुन्या दुलईच्या कापडाची, आत कापूस असलेली जाड खोळ त्यांनी मला घातली. पुढून, मागून, सगळीकडून. वर फुलंही भरली. माया होती हो त्यात, नाही कसं म्हणू? पण तोंडावर उशी दाबून कुणाला बोलता येतं का?

"काय पुटपुटतात ही माणसं!" बाबा वैतागायला लागले. आवाज वाढवला की सबवूफर असा दणका देई की शेजारची बाई भिंत ठोके. कमी केला की माझं पुटपुटणं.

"काय म्हणाला गं तो?" बाबा विचारत.

"म्हणाला, उद्या येतो."

तो असं काही म्हणालेलाच नसे. मीच बोललेलो, मला ठाऊक. पण आई ठोकून देत, आणि पडद्यावरची माणसं हसली की त्याही हसत. त्या हसल्या की बाबाही हसत. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

"अहो, तुमचे कान गेले," आई एकदा सरळच म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाबा आतल्या खोलीत बसू लागले. फोनवर मुलाला सांगायचे, "झकास चाललंय रे." आणि फोन ठेवला की कानाशी चुटकी वाजवून बघायचे. मला ते बघवत नसे. ओरडून सांगावंसं वाटे, अहो, तुमचे कान ठणठणीत आहेत, माझं तोंड सोडवा! पण ओरडलो असतो तरी कापसातच विरलं असतं.

आईंनी कळवलं, तशी मुलानं कानाचं यंत्र पाठवलं. बाबांनी घातलं, स्वयंपाकघरात ताट पडलं आणि ते जागचे उडाले. यंत्र डबीत गेलं.

एका दुपारी मात्र त्यांच्यानं राहवलं नाही. चहाचा कप घेऊन ते टीव्हीपाशी आले आणि ऐकू यावं म्हणून वाकले. कप कलंडला तो माझ्यावर. आई धावत आल्या, "काय हे!" म्हणत त्यांनी खोळ ओढून काढली आणि धुवायला नेली.

टीव्ही चालूच होता. एक बाई म्हणत होती, "जाताना दार लोटून घे."

बाबा जागीच थबकले. पुढचं वाक्य ऐकलं. त्याच्या पुढचंही. "अगं, इकडे ये! मला ऐकू येतंय! सगळं!" बाबा ओरडले. "त्या खोळीनं घात केला बघ. ऐकलंस ना आता ती काय म्हणाली?"

आई पडद्याकडे बघून नेहमीसारख्या हसल्या. "हो तर. चहा ठेवते म्हणाली." चहाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

 लाइनवर पलीकडच्याला खरंच ऐकू गेलंय की नुसतंच हो म्हणतोय, हे ओळखण्यात बाबांचा जन्म गेला होता. त्यांनी टीव्ही बंद केला आणि यंत्राची ती डबी आणली.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" आई उसळल्या. मग बाबांच्या तोंडाकडे बघत मटकन खाली बसल्या. "मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच ऐकू येतं. आणि मी तुम्हाला बहिरे म्हणत राहिले हो..."

"म्हणालीस? मला कुठे ऐकू आलं?"

त्यांनी यंत्र आईंच्या कानात बसवलं, अगदी जपून. मग नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं विचारलं, "येतंय का ऐकू?"

"ओरडता कशाला एवढं?" आई म्हणाल्या. "मी इथेच तर आहे." आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

त्याला बराच काळ लोटला. माझा पडदा आता चिरलाय, प्रत्येक वाक्याबरोबर खरखर येते. मुलगा म्हणतो, याच्या जागी साउंडबार आणू. आण बाबा. मी दमलोय. फक्त नव्याला खोळ घालू नका. धूळ बसली तर बसू दे.

तोवर रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसतात. बाबा रिमोट घेतात आणि आवाज कमी करतात, आणखी कमी करतात. आयुष्यात आत्ता कुठे मला हळू बोलता येतंय.