भैयाजी गुरुजींचे पक्षी

भैयाजी गुरुजी हिंगणीहून पिशवीत लॅपटॉप घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये आले, तेव्हा मुकेशनं त्यांना दारातच ओळखलं. गुरुजींची नजर काचबिंदूनं गेलेली. मुकेश "या" म्हणताच त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"मुक्या का तू? लॅबचा साहेब झाला म्हणे. इथं बी शाळेसारख्या कॉप्या करूनच आला का?"

लॅबमधली नवी सहायक अपेक्षा खाली मान घालून हसली. मुकेशनं ते पाहिलं.

लॅपटॉप वीस वर्षांचा होता. बोरच्या जंगलात गुरुजींनी अठरा वर्षं पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यात होत्या. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. आता विंडोज सुरूच होत नव्हतं. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची एक जुनी फ्लॉपी गुरुजींनी जपून आणली होती, तिच्यावरून मशीन चालू केलं की फायली दिसतील म्हणून. अपेक्षानं लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. फ्लॉपी घालायला जागाच नव्हती. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह हरवलेला, सीडीचा कप्पा अडकलेला, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होणं त्या मशीनला येत नव्हतं.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडू, ती म्हणाली. त्यासाठी लागणारा जोड नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते.

"दोन दिवस कायले? नेटवर्कवरून चालू कर ना लिनक्स," मुकेश म्हणाला.

तसं करता येत होतं. पण त्या आठवड्यात लॅबच्या सर्व्हरला एकच काम लावलेलं होतं: जे मशीन लिनक्स मागेल, त्याची डिस्क न विचारता पुसायची आणि कोरं लिनक्स घालायचं. लॅबची चाळीस मशीनं मुकेशनं तशीच केली होती. अपेक्षाला हे ठाऊक नव्हतं, तरी तिला शंका आली.

"सर, सर्व्हर डिस्कवर काही लिहीत तर नाही ना?"

"नाई."

तिनं केबल लावून बटण दाबलं. मुकेशनं तिला लगेच नोंदी छापायला कागद आणायला पाठवलं. गुरुजींना खुर्ची दिली, चहा मागवला.

"किती झालं बा?"

"तीस टक्के, गुरुजी."

"नवरंग पाखराचं पान पहिले काढजो."

साठ. नव्वद. मुकेश हजेरी घ्यावी तसे आकडे वाचत होता आणि गुरुजी दर आकड्याला खुशीनं मान डोलवत होते.

अपेक्षा कागदाचा गठ्ठा घेऊन आली आणि पडद्यासमोर थांबली. तिथं मशीनचं नवं नाव होतं, लॅब-४१.

"सर, तुम्हाला माहीत होतं."

मुकेशनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "सगळं पुसलं गेलं, गुरुजी. सातवीत माझी विज्ञानाची वही तुम्ही खिडकीतून नालीत फेकली होती, वर्षभराची. पुन्हा लिही म्हणाले. आता तुम्ही लिहा."

गुरुजींनी कप खाली ठेवायला टेबल चाचपलं. मग आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"कोनती वही?" त्यात टोमणा नव्हता. "किती पोराइच्या फेकल्या मी. तुही कोनती?"

मुकेश सांगू लागला: निळा पुठ्ठा, आत बेडकाचं चित्र, विज्ञानाच्या बाईंची सही. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते आणि प्रत्येक खुणेला मान हलवत होते, नाई म्हणून.