पडवीला कुलूप नसतं

"ह्याला कुलूप कुणी लावलं?" आत्या म्हणाली.

मी गाडीतून बर्फाची पेटी उतरवत होते. वळून पाहिलं, तर अर्लीथाआत्या आमच्या खोपटाच्या पडवीत उभी होती. एका हातात काठी आणि दुसऱ्या तळहातावर दाराला लटकणारं ते कुलूप, बाजारात पीच दाबून बघावा तसं तोलून धरलेलं. नवंकोरं, पितळी. हेझेल ग्रोव्हच्या रानात उपासनेच्या मांडवाभोवती लाकडी खोपटांच्या चार ओळी आहेत, आणि त्यांतल्या एकाही दाराला मी आजवर कडीपलीकडे काही पाहिलं नव्हतं.

"फोर्नीकाकांनी लावलं असेल," मी म्हणाले. "चर्चच्या विश्वस्तांचं ठरलंय ना, ही ओळ पाडायची."

"मला कुणी विचारलं?"

"रेमंडदादाला विचारलं. तो फोनवर हो म्हणाला."

"रेमंड," आत्या म्हणाली. रेमंड तिचा एकुलता एक मुलगा. "त्याला एक कुत्रं सांभाळता आलं नाही. तो माझं घर देऊन टाकतोय."

आमची मेथॉडिस्ट मंडळी लहानशी. एरवी रविवारी चर्चमध्ये पन्नास-साठ माणसं जमली की पाळक खूश. पण ऑगस्टात रानसभेचा आठवडा आला की शार्लटहून, बाल्टिमोरहून, जिथं कुठं पोटासाठी गेलेत तिथून सगळे परततात आणि आपापल्या खोपटात राहतात. दिवसातून तीनदा शिंग फुंकलं जातं, की मांडवाखाली उपासना. मधल्या वेळात प्रत्येक खोपटामागची चूल पेटलेली असते, आणि जो कुणी पडवीवर चढेल त्याला नाव न विचारता ताट मिळतं. आमचं, म्हणजे रॅमसूरांचं, खोपट माझ्या पणजोबांनी मोडीत निघालेल्या कापूस-गिरणीच्या फळ्यांपासून उभारलं. ज्या खोपटाची चूल लागोपाठ दोन उन्हाळे पेटली नाही ते मंडळीकडे परत जातं, हा नियमही तितकाच जुना. आत्याचे दोन उन्हाळे गेले होते. एक गुडघ्यात, एक हृदयात.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ह्या बाईला उन्हात बसू देऊ नका. मी नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले होते, आणि माझ्या पिशवीत सदैव तापमापक असे. मी तो पडवीच्या सावलीत धरला.

"छत्तीस आहे, आत्या. सावलीत."

"मग जरा कमी कर," ती म्हणाली आणि घडीची खुर्ची उघडून दाराला पाठ लावून बसली. "सामान इथंच मांड. पडवीला कुठं कुलूप आहे?"

संध्याकाळच्या शिंगापर्यंत मागची चूल धडधडत होती. लोखंडी भांडी सुदैवानं आम्ही घरूनच आणली होती. पहिल्यांदा एक अनोळखी जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन चढलं, मग शेजारपाजारचे, आणि मग हॉरेस फोर्नी.

काका विश्वस्तांचे अध्यक्ष. निवृत्त पोस्टमन. त्या उकाड्यातही त्यांच्या पँटीची इस्त्री मोडलेली नव्हती. ते आणि आत्या एकाच वर्षीचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले.

"अर्लीथा."

"बस, हॉरेस. कोंबडी तळतेय."

"मी खायला नाही आलो."

"पडवीवर चढलास ना? मग खायलाच आलास."

काका बसले. मी ताट दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि हात न लावता बोलायला लागले.

"हे बरं नाही. सगळं नियमानं झालंय. रविवारी शार्लटहून किती गाड्या येतात तू बघतेस. रस्त्याच्या कडेला लावतात. मागच्या वर्षी त्या पोरीला गाडीनं उडवलं, अजून लंगडतेय ती. गाड्यांना जागा नको?"

"हवी की."

"मग?"

"तुझं खोपट पाड."

"माझ्या खोपटात माणसं राहतात."

"आणि ही तुझ्यासमोर बसलीय ती कोण, बाहुली?"

"दोन उन्हाळे चूल पेटली नाही, अर्लीथा."

"मी समुद्रावर मजा मारायला गेले नव्हते, हॉरेस. माझी छाती उघडून ठेवली होती डॉक्टरांनी. फुलं घेऊन तू आला होतास की बघायला. तेव्हा नियमाचं काही बोलला नाहीस."

काकांनी बाही वर सारली. मग त्यांनी खायला सुरुवात केली. हाडं चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजून एक तंगडी आहे का?"

"तुझ्यासाठी नाही," आत्या म्हणाली, आणि मला डोळ्यांनी वाढ म्हणून खुणावलं.

तिला उचलून घरी न्यायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण आत्या मला माहीत होती. तिची सगळी उमर मोज्यांच्या गिरणीत गेली. यंत्रातून मोजा नळीसारखा बाहेर येतो. त्याचं बोटांकडचं उघडं तोंड शिवायचं, एवढंच काम, दिवसभर. एका वर्षी नाताळाच्या मागण्या होत्या म्हणून मुकादमानं ऑगस्टातली रजा नाकारली. "साहेब, मी विचारत नाहीये, सांगतेय," ती म्हणाली आणि रानसभेला आली. परत गेली तर तिच्या यंत्रावर दुसरी बाई. मग हिवाळाभर तिनं कमी पगारात खोकी भरली. पुढच्या ऑगस्टात पुन्हा जाऊन सांगितलं. ही हकीकत तिनं मला सांगितली होती ती अगदी बसचा मार्ग सांगावा तशी. कुठल्या वळणावर उतरायचं, कुठं चालायचं.

रात्री ती पडवीतल्या खाटेवर झोपायची, मी गाडीत. बुधवारी दुपारी भेंडी चिरता चिरता तिच्या हातातून सुरी गळली. चेहरा राखेसारखा झाला होता. मी तिला आडवं केलं, मानेवर बर्फ ठेवला, मनगट धरलं.

"आत्या, बास झालं. मी तुला घरी नेतेय."

"केझी, नाडी मोजताना तुझे ओठ हलतात," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आकडा किती आला?"

"जास्त."

"चालतंय ना अजून? मग राहू दे."

"तू इथं मेलीस तर मी रेमंडदादाला काय सांगू?"

"सांग, पडवीत मेली. आत जाऊ दिलं नाही म्हणून." तिनं एक डोळा उघडला. "तो भित्रा आहे. लगेच रडेल. तू रडू नकोस. भेंडी चीर."

मी भेंडी चिरली. रागानं चिरली, त्यामुळे तुकडे सारखे झाले नाहीत.

ही बातमी मांडवापर्यंत जायला वेळ लागला नाही. तासाभरात काका आले. ह्या खेपेला ते पडवीवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले आणि त्यांनी कठड्यावर एक किल्ली ठेवली.

"आत झोप. पंखा लावून दिलाय. हा आठवडाभर मंडळीची पाहुणी म्हणून राहा. मी सगळ्यांशी बोललोय."

"पाहुणी," आत्या म्हणाली.

"अगं, शब्दाला काय धरून बसतेस?"

"सोमवारी काय?"

काकांनी किल्ली कठड्यावर थोडी पुढे सरकवली.

"हॉरेस, पाहुण्याला घर दाखवून पाडतात का रे? माझ्या आजोबांनी मारलेल्या खिळ्याखाली तुझी पाहुणी म्हणून झोपू मी? त्यापेक्षा हा वारा बरा."

"वारा नाहीये, अर्लीथा."

"येईल."

काका किल्ली तिथंच टाकून गेले. आत्यानं ती मक्याच्या पावाच्या तुकड्याबरोबर कागदी रुमालात गुंडाळली आणि मला त्यांच्या खोपटावर पोचवायला लावली. रिकाम्या हातानं काही परत करायचं नसतं, म्हणाली.

गुरुवारची संध्याकाळ साक्षींची. ज्याला वाटेल त्यानं उठून देवानं वर्षभरात काय केलं ते सांगायचं, प्रार्थना करायची. मांडव भरला होता. सगळ्यांना ठाऊक होतं की आत्या उठणार, आणि काही जण त्यासाठीच पुढच्या बाकांवर बसले होते. पाळकबाई नवीन होत्या, तरुण होत्या. त्या पंख्यानं वारा घेत चटईच्या कडेकडे बघत होत्या.

आत्या काठीवर भार देऊन उठली. तक्रारीचा एक शब्द तिनं काढला नाही.

"प्रभू," ती म्हणाली, "आज मी माझ्यासाठी काही मागत नाही. तू मला दोनदा उठवलंस, तेवढं पुरे. आज मी आमच्या हॉरेसभाऊसाठी मागते."

मागून कुणीतरी "हो, प्रभू" म्हटलं.

"तो चांगला माणूस आहे. पावसापाण्यात त्यानं आमची पत्रं पोचवली, एकही हरवलं नाही. आता त्याच्या हातात किल्ल्या दिल्यात आम्ही. किल्ल्या जड असतात, प्रभू. त्याचे हात दुखत असतील. त्याला झोप दे. आणि तुझ्या घराला किती दारं आहेत, आणि त्यांतल्या कशाला कुलूप आहे, ते त्याला झोपेत दाखव."

"आमेन," मांडव म्हणाला. पुढच्या बाकावर काका मान खाली घालून बसले होते. प्रार्थना तुमच्या नावानं झाली की आमेन म्हणावंच लागतं. त्यांनी म्हटलं, मी ओठ बघितले.

बाहेर आल्यावर मी आत्याला म्हणाले, "हे प्रार्थनेत बसतं का?"

"मी खोटं काय मागितलं?"

त्या रात्री आमच्या पडवीवर ताटं कमी पडली. लोक पुठ्ठ्यावर घेऊन खात होते. एका विश्वस्ताच्या बायकोनं स्वतःच्या खोपटातून बटर बीन्सचं पातेलं आणून आमच्या चुलीवर चढवलं आणि नवऱ्याकडे न बघता वाढायला उभी राहिली.

मला वाटलं होतं, ते पाडणार नाहीत. मोजून बघितलं तर निम्मी मंडळी आमच्या बाजूची दिसत होती. पण रविवारी रस्त्यावर पुन्हा गाड्यांची रांग लागली, आणि दुपारी त्या लंगडणाऱ्या पोरीची आई काकांशी बराच वेळ बोलत उभी होती. तिचंही खोटं नव्हतं. सोमवारी सकाळी ट्रक आला. ओळीतली सगळी खोपटं जाणार होती. बाकीच्यांची माणसं कधीच पांगलेली. आत्यानं कामगारांना अंडी आणि पाव खाऊ घातले, कारण ते पडवीवर चढले होते. मग ती खुर्ची उचलून ओकच्या झाडाखाली जाऊन बसली आणि शेवटची फळी ट्रकवर चढेपर्यंत तिथून हलली नाही. काका ट्रकच्या पलीकडे उभे होते.

"चल," आत्या शेवटी म्हणाली. "पुढच्या वर्षी मोठी कढई आणू."

मी ते दुःखातलं बोलणं समजले.

पुढच्या ऑगस्टात तिनं मला फोन करून रजा टाकायला सांगितली. तिथं आता कुंपणापर्यंत नुसतं गवत होतं, कापून सपाट केलेलं. आत्यानं ओकपासून पावलं टाकली, थांबली, काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, मग दुसरी, आणि म्हणाली, "चूल इथं." मी विटा मांडल्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत आम्ही छत्रीखाली रांधलं, आणि माणसं आली. ती गवतावर बसून खायची. कुणी काही विचारलं नाही. काका मात्र आठवडाभर फिरकले नाहीत.

रविवारी सकाळपासून गाड्या यायला लागल्या. काका नारिंगी झेंडी घेऊन त्यांना वाट दाखवत होते. एक निळी गाडी रांग सोडून सरळ आमच्या छत्रीकडे वळली. चालवणाऱ्यानं काच खाली केली.

"इथं रिकामं दिसतंय. लावू का?"

आत्यानं तोंड उघडायच्या आत काका धापा टाकत आले आणि त्यांनी झेंडी आडवी धरली.

"तिकडे घ्या," ते म्हणाले. "इथं रॅमसूर राहतात."

गाडी मागं गेली. काकांनी एकेक करून बाकीच्या गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी लावून घेतल्या. मध्ये खोपटाएवढा चौकोन मोकळा राहिला, रेघेला रेघ. दुपारचं शिंग झालं तेव्हा त्यांनी झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि आमच्याकडे चालत आले. गेल्या वर्षीपर्यंत जिथं पायरी होती तिथं ते थांबले. एक बूट गवतावर पुसला, मग दुसरा.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं.