हाकेला ओ

चिंचवड स्टेशनच्या पलीकडल्या त्या बैठ्या चाळीत सकाळचे आठ वाजले, की शालनच्या खोलीत रात्र व्हायची. ती आपल्या हातानं करायची ती रात्र. खिडकीला ओलं गोणपाट, दाराच्या फटीत जुनं लुगडं, बादलीच्या कडीला चिंधी, वाजायला नको म्हणून. रातपाळी करून आलेला ज्योतीराम भाकरी खाऊन आडवा झाला, की ती उशाशी बसून मनातल्या मनात म्हणायची,

नीज गो नीजबाई, ये तू मागल्या दारानं,
पुढल्या दारी ऊन उभं, रात जागली धन्यानं.

चौऱ्याहत्तर साल होतं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. ज्योतीराम अंबाजोगाईकडचा, शालन संगमेश्वरची. तिचा मामा तेव्हा ज्योतीरामच्याच कंपनीत होता, त्यानं जुळवलं. मुलगा चेकर आहे, त्यानं पास म्हटल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही, असं मामानं कौतुकानं सांगितलं होतं. मुलगा बोलत नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

बोलायचा म्हणजे ‘आलो’, ‘वाढ’ आणि ‘जातो’. पाणी हवं असलं, तर रिकामा तांब्या पुढं सरकवायचा. बायकोला नावानं हाक नाही की ‘अगं’ नाही. आणि शालनच्या माहेरी तर हाकांचा नुसता पाऊस! आई विहिरीवरून, दादा खळ्यातून, शेजारीण परड्यातून, ‘शालन गो!’ कोकणात बाईच्या नावाला ‘गो’ लागल्याशिवाय नाव पुरं होत नाही. इथं वर्षभर ते अर्धंच राहिलं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की गणपतीला दादा न्यायला येईल तेव्हा ट्रंकेत सगळ्याच साड्या भरायच्या. परत यायचं नाही.

तर वैशाखातल्या एका दिवशी, अकराच्या सुमाराला, ती तांदूळ निवडत बसली होती. ज्योतीराम गाढ झोपला होता. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं मासोळीसारखी सळसळत होती. हाताची बोटं काहीतरी धरून फिरवल्यासारखी वळली आणि ओठ हलले.

‘‘गो.’’

शालनच्या हातातलं सूप कलंडलं. देशावरचा माणूस, याच्या तोंडी ‘गं’ यावा. हा ‘गो’ कुठून आणला? माझ्यासाठीच शिकला असेल, आणि जागेपणी लाजत असेल! तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, ‘‘ओ!’’

ज्योतीरामच्या कपाळावरची आठी सुटली. थोड्या वेळानं तो पुटपुटला, ‘‘नो गो.’’ तिनं ऐकलं ते ‘नको गो’. उठून जाऊ नको, असं म्हणतोय बाई! मग ती बसूनच राहिली. चुलीवरची आमटी करपली, शेजारपाजारपर्यंत वास गेला, तरी उठली नाही.

तेव्हापासून अकराचा नेमच झाला. तो झोपेत म्हणे ‘गो’, ती म्हणे ‘ओ’. तो जागा झाला, की पुन्हा आपलं ‘वाढ’ आणि ‘जातो’. पण तिला आता राग येत नसे. दिवसाचा नवरा मुका, झोपेतला बोलका. कुणाला दोन्ही सारखे मिळतात? ट्रंकेचा विचार मागं पडला.

श्रावण संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तिनं ही गोष्ट शेजारच्या रहमतबीला सांगितली. कान लाल होईपर्यंत लाजत सांगितली. रहमतबीनं तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. पण आत चहा पीत बसलेला तिचा नवरा नूरमोहम्मद खो खो हसत सुटला. तो दुसऱ्या एका कंपनीत फिटर होता.

‘‘अगं पोरी, तो तुला नाही बोलवत. गेज लावतोय तो!’’

‘‘कसला गेज?’’

‘‘भोक तपासायचा दांडा.’’ नूरमोहम्मदनं रिकामी बाटली उचलली. ‘‘हे बघ. करंगळी आत जाते, ते टोक ‘गो’. अंगठा जात नाही, ते टोक ‘नो-गो’. एक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, तेव्हा माल पास. चेकर लोक रातभर हेच करतात. ज्योतीराम झोपेत पण ड्यूटी करतोय, बिचारा!’’

‘‘तुमच्या जिभेला लावा तो गेज!’’ रहमतबी कडाडली. ‘‘आतच राहील, तर बरं होईल!’’

शालन हसली. हसल्यासारखं केलं, आणि घरी येऊन ट्रंक काढली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हाक आली. तिनं ओ दिली नाही. पुन्हा आली, जरा मोठ्यानं. ती ओठ दाबून साड्यांच्या घड्या घालत राहिली. ज्योतीरामचा हात उशी चाचपू लागला, भिंतीपर्यंत गेला, परत आला. मग तो दचकून जागा झाला आणि छताकडं बघत पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. तीन दिवसांत डोळे लालभडक झाले, ताटावर बसल्याबसल्या पेंगू लागला.

गुरुवार उजाडला. कंपनीची सुट्टी. ज्योतीराम बुधवारची पाळी संपवून घरी आला, तर गणपतीला न्यायला आलेला मेहुणा दत्ताराम दारात बसलेला आणि त्याच्या शेजारी गच्च भरलेली ट्रंक.

‘‘दादा, तू रहमतबीकडं चहा घेऊन ये,’’ शालन म्हणाली. दत्ताराम उठून गेला.

ज्योतीराम ट्रंकेकडं बघत उभा राहिला. ‘‘समदंच नेतीस?’’

‘‘हो.’’

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग तो म्हणाला, ‘‘तीन दिस झाले, तू ओ देईना गेलीस.’’

शालन चरकली. ‘‘तुम्हाला ऐकू येते?’’

‘‘झोपलेला माणूस काय कान काढून उशाला ठेवतो का?’’

‘‘मग आणखी एक ऐका!’’ वर्षाचं साठलेलं बाहेर आलं. ‘‘कळलंय मला. गो म्हणजे त्या दांड्याचं टोक. जागेपणी एक हाक नाही, आणि मी खुळी लोखंडाला ओ देत बसले!’’

ज्योतीराम मटकन ट्रंकेवरच बसला.

‘‘आषाढापासून गेज न्हाई माझ्या हातात.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बारीक दिसंना गेलं. दोन खेपा खराब माल पास झाला. साहेबानं पॅकिंगला टाकलं. खोक्यात भुसा भरतो, वरून खिळे ठोकतो. तुला कसं सांगावं? मामानं चेकर बघून दिली व्हती तुला.’’

हा माणूस एवढं घेऊन दोन महिने झोपत होता? ‘‘मग झोपेत अजून गो कशाला म्हणता?’’

त्यानं मान खाली घातली. इतकं बोलायची सवय नव्हती. एकेक शब्द तो चाचपून, तपासून पुढं ठेवत होता. ‘‘पहिल्यानं गेजच व्हता. स्वप्नात माल तपासायचा, गो म्हणायचं, तर मागून ओ यायची. वळून बघावं, तर कोणच न्हाई. पण जीवाला बरं वाटायचं. मग गेज गेला. तरी मी स्वप्नात त्या बाकड्यावर जाऊन बसतो. हातात काईच नसतंय. नुसतं म्हणून बघतो, गो. ओ येती का ते बघतो.’’ तो थांबला. ‘‘तीन दिस झाले बसलोय.’’

‘‘आणि नो-गो म्हणता ते?’’

‘‘त्ये कवा कवा गेजच असंल. पण कवा कवा तुझ्या बांगड्या लांब जायाच्या. तवा... नको, म्हणायचो.’’

शालन खिडकीशी गेली. गोणपाट सकाळपासून कोरडंच होतं. तिनं ते बादलीत बुडवलं, पिळलं, खिडकीवर टाकलं. खोलीत अंधार झाला. वळकटी सोडली, उशी झटकली.

‘‘पडा.’’

‘‘तुझी गाडी?’’

‘‘पडा म्हटलं ना! आणि पुढल्या गुरुवारी डोळे दाखवायला जायचं. चष्मा लागला म्हणून काही बिघडत नाही.’’

तो पडला. डोळे मिटले, पुन्हा उघडले. अंधाराकडं बघत, मोठ्या कष्टानं, जागेपणी म्हणाला, ‘‘गणपतीला जा. पण माघारी ये... गो.’’

‘‘ओ,’’ शालन म्हणाली. त्याच्या उशाशी बसली आणि पुन्हा म्हणाली, ‘‘ओ.’’

घटकाभरानं दत्तारामानं दार ढकललं. ‘‘शालन गो, चल! स्वारगेटची एस.टी. चुकेल!’’

ती ज्योतीरामच्या उशाशी बसली होती. त्याची मूठ तिच्या पदराच्या टोकावर मिटलेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू बोल, दादा. उद्याच्या एस.टी.नं जाऊ. आमच्याकडं आत्ताच रात्र झालीय.’’