बर्फानंतरचं पहिलं ऊन

व्हिडिओ आला तेव्हा दीप्ती तान्ह्या लेकीला, मैत्रीला, पायांवर आडवं घेऊन तेल लावत होती. तेलकट बोटांनी फोन उघडेना, म्हणून दीप्तीच्या आईनं, प्रेमिलानं, तो उघडून तिच्यासमोर धरला. पडद्यावर निळंशार आभाळ, डोळे दिपवणारा बर्फ आणि मधोमध प्रशिक, शिखराच्या मोहिमेवर गेलेला दीप्तीचा धाकटा भाऊ. नाकाची सालटं निघालेली, पण दात सगळे बाहेर.

"जय भीम, नागपूर! दोन दिवस नुसता बर्फ अन् वारा. तंबू राहते का उडते, असं झालं होतं. पण आज पाहा, ऊन! उद्या सव्वीस जानेवारी, झेंडा वर लागलाच समजा!"

"पडलं बाई ऊन." प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला. "दोन दिवस घास उतरत नव्हता मले. आता काही भेव नाही."

नागपूरच्या माणसाचा हिशेब साधा असतो. आभाळ उघडलं की संकट सरलं. दीप्तीही हसली. पण व्हिडिओ संपता संपता प्रशिकनं दोन पावलं पुढे टाकली आणि खालून 'भप्प' असा आवाज आला, जाड गादीवर कुणी धपकन बसावं तसा. त्याच्या बुटापासून बर्फात एक चीर सर्रकन पळत गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "काय खाऊन आला बे! पहाड हलला न!" सगळे खिदळले आणि व्हिडिओ थांबला.

दीप्तीचा हात लेकीच्या पोटावर तसाच राहिला.

तो आवाज तिनं एकदाच ऐकला होता. लग्नाआधी ती उत्तरेत गिर्यारोहणाचे कोर्स करायला गेली होती, तेव्हा. त्यांचे उस्ताद एक शब्द न बोलता जागच्या जागी वळले होते आणि सगळ्यांना आल्या पावली परत घेऊन गेले होते. खालचा जुना बर्फ साखरेसारखा सुटा झालेला असतो. त्यावर वाऱ्यानं आणून टाकलेल्या नव्या बर्फाची घट्ट लादी बसते. माणसाच्या वजनानं खालचा थर दबला की असा आवाज होतो. सपाटीवर नुसता आवाज. उतारावर असेल तर ती अख्खी लादी माणसांसकट सुटते. आणि बर्फ पडून गेल्यावरचा पहिला लख्ख उन्हाचा दिवस फार फसवा. सगळ्यांना वर जावंसं वाटतं ते त्याच दिवशी.

तिनं हात पुसले, मैत्रीला आईकडे दिलं आणि फोन लावला. तंबूंच्या वर एका कड्यावर तेवढी रेंज यायची. प्रशिक अजून तिथंच होता.

"तो आवाज ऐकला न तू?"

"कोणता?"

"नाटक नको करू. मीच शिकवलं तुले."

"छोटासाच होता, ताई."

"त्यात छोटा-मोठा नसते. उद्याची वाट त्या वाटीसारख्या उतारातून जाते न? वारा कुठून होता?"

"पलीकडून."

"म्हणजे तिकडचा सारा बर्फ उडून वाटीत साचला. गाइड काय म्हणते?"

"तो म्हणते, दोन दिवस रुको. पण बाबांनी मंडप टाकला, ताई. सीताबर्डीवरून मोठा स्क्रीन आणून राहिले. साऱ्या वस्तीले सांगून ठेवलं, माझं पोट्टं सव्वीस जानेवारीले वर झेंडा लावते म्हणून. मी काय तोंड दाखवू? अन् खरं सांग. तू इथं राहती, तर तू गेली असती."

"गेली असती," दीप्ती म्हणाली. "अन् चुकली असती."

"सांजले पुन्हा रेंजमधे येतो. मंग झोपून मध्यरात्री निघायचं आहे." फोन कटला.

ती खिडकीशी उभी राहिली. त्याचं बोलणं तिला टोचलं होतं, कारण ते खरं होतं. या मोहिमेची वाट तिनंच नकाशावर आखली होती, मैत्री पोटात असताना. दोर बांधून पुढे चालण्याची तिची जागा आता प्रशिककडे होती. मग आपल्याला वाटतंय ती भीती आहे, की हेवा आहे? की छातीत दूध आलं की बाई अशीच घाबरट होते? सगळे तेच म्हणणार होते. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. भप्प. ती चीर पुन्हा पळाली. त्या चिरेला दीप्ती आई झालीय की नाही, याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

दीप्तीचे बाबा, देवराव, घरात आले ते बोलतच आले. शहर बसची कंडक्टरकी केलेला माणूस. आवाज असा की कामठी रोडच्या बसमधल्या शेवटच्या सीटला ऐकू जावा. "मैदानात रुपराव माईक लावून राहिला. पहिल्या रांगेत मोहिमेवरच्या साऱ्या पोट्ट्याइचे मायबाप बसवू. शिऱ्याचं झालं का?"

"बाबा, प्रशिकले वापस बोलवा."

देवरावांनी बायकोकडे पाहिलं. "काय म्हणते वं ही?"

दीप्तीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मायेनंच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकरू झालं न तुले. होते असं."

"मीही स्वतःले तेच विचारलं, बाबा."

"अन् मी काहून बोलावू? मी थोडी पाठवलं? सव्वीस तारीख त्यानंच सांगितली होती."

"त्यानं सांगितली, तुम्ही गाजवली. तो तुमच्या मंडपासाठी चढून राहिला अन् तुम्ही त्याच्यासाठी मंडप टाकून राहिले. तिथं बर्फाले तारीख कोण सांगणार?"

ओट्यावर शिऱ्याचा रवा परातीत पसरलेला होता. दीप्तीनं एक ओला नॅपकिन घडी घालून त्यावर ठेवला आणि परात एका बाजूनं उचलली. नॅपकिन जागचा हलला नाही.

"पाहा. पडलं का काही?"

"नाही."

"असंच दिसते ते. मस्त. आता हा तुमचा पोरगा." तिनं मैत्रीची चांदीची वाटी नॅपकिनवर ठेवली.

नॅपकिन, वाटी आणि मूठभर रवा एकदमच देवरावांच्या पायांवर आले. वाटी खणखणत पलंगाखाली गेली. मैत्री खुदकन हसली. दुसरं कोणी हसलं नाही.

प्रेमिला खाली बसून रवा गोळा करायला लागली. "अहो," एवढंच ती म्हणाली.

"बाकीचे पोट्टेही त्याच वाटेनं जाणार?" देवरावांनी विचारलं.

"एकाच दोराला."

देवराव पलंगावर टेकले. ज्यांना पहिल्या रांगेत बसवायचं होतं, ती एकेक माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावीत.

संध्याकाळी फोन आला तो त्यांनीच घेतला. दीप्तीनं स्पीकर लावून दिला.

"बेटा, इथं अवकाळी आला. मंडप बसला सारा. कार्यक्रम कॅन्सल. आता चौदा एप्रिलले पाहू. तू काही घाई नको करू."

तेवढ्यात मैदानावरून गडगडाट आला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग..."

"बाबा, तो रुपरावकाकाचा आवाज आहे न?"

देवरावांनी डोळे मिटले. "हो. खोटं बोललो मी." आयुष्यभर गर्दीवर चढणारा त्यांचा आवाज आता शेजारच्या खोलीतही गेला नसता. "मंडप आहे, स्क्रीनही आहे. त्यावर तू नाही दिसला तरी चालते. गाइड म्हणते तसं कर. उतर खाली."

"पोट्टे मले शिव्या देतील, बाबा. इथवर येऊन..."

"माझं नाव सांग. म्हण, बुढ्यानं जिद्द धरली."

"ठीक आहे," प्रशिक म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. रागानं, की रडू आलं म्हणून, ते दीप्तीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहाराजवळच्या मैदानात झेंडावंदन झालं, शिरा वाटला गेला, आणि स्क्रीनवर व्हिडिओ कॉलमधून ती मुलं दिसली. तंबू गुंडाळून कड्यावर उभी होती, तोंडं पाडून. मागे ते शिखर उन्हात झगमगत होतं. उतार जसाच्या तसा होता. एक ढेकूळही घसरलं नव्हतं.

"काय गा देवराव," रुपरावांनी माईकवरूनच विचारलं, "झेंडा तर इथंच लागला! थंडी वाजली का पोट्ट्याइले?"

मंडप हसला. दीप्ती उठणार, तोच देवराव पुढे झाले आणि त्यांनी माईक घेतला.

"मी बोलावलं वापस. तिथं बर्फ खराब होता. माझी पोरगी त्यातलं समजते, तिनं सांगितलं."

"पण झालं तर काहीच नाही न?" मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही झालं," देवराव म्हणाले. "होऊन जातं, तर मी इथं उभा राहून काय सांगितलं असतं तुम्हाले?"

लोक जरा चुळबुळले. मग पहिल्या रांगेतून सिंधूताई उठल्या. त्यांचा मुलगा संघपाल त्या मुलांत होता. पदर सावरत त्या थेट स्क्रीनपाशी गेल्या. "प्रशिक, तो फोन फिरव न बाप्पा. माझा कुठं आहे?"

फोन फिरला. काळवंडलेली, सालटं निघालेली तोंडं एकामागून एक मोठ्ठी होऊन मंडपात आली. "नाक पाहा त्याचं!" "जेवला का रे?" "मफलर कुठं टाकला?" खुर्च्या सरकल्या. झेंडावंदनाच्या वेळी नव्हती एवढी गर्दी स्क्रीनपुढे झाली.

शेवटी प्रशिकनं फोन स्वतःकडे वळवला. "ताई कुठं आहे?"

दीप्ती मैत्रीला कडेवर घेऊन पुढे झाली. तो तिच्याकडे पाहत नव्हता. बुटाच्या टोकानं बर्फ उकरत होता.

"राग आहे माझा तुझ्यावर," तो म्हणाला. "लय."

"असू दे," ती म्हणाली. "घरी येऊन काढ."