माझ्या सगळ्या वायरी लाल होत्या

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. चार दारांची, सायीच्या रंगाची, बसकी आणि थोडी मानी. वय विचारू नका. एवढेच सांगते की माझ्या काचा अजून दांडी फिरवून खाली कराव्या लागतात आणि माझ्या रेडिओला दोन बटणे होती, त्यातले एक हरवले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका लांब फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून बायका भराभर वायरी ओढत आणि त्यांची जुडी कापडी पट्टीने घट्ट गुंडाळत. दिव्यांची वायर निळी, हॉर्नची हिरवी, वायपरची पिवळी. ती जुडी माझ्या अंगात घातली तेव्हा मी इतकी नीटनेटकी होते की कोणीही पाहून मान डोलवावी. सुरुवातीची काही वर्षे एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी मला कधी मळू दिले नाही. मग त्या परगावी गेल्या आणि मी बाबांकडे आले.

घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बाबा दोरखंडाच्या कारखान्यात कामाला होते. गाठ मारावी तर त्यांनीच. बोलता बोलता, न बघता, पाठीमागे हात नेऊनसुद्धा ते गाठ मारत. आमच्या घरातली सतरंजीची वळकटी, पाण्याचा पाइप, सुट्टीला निघताना माझ्या टपावर चढणारी ट्रंक, सगळे त्यांच्या गाठींनी बांधलेले असे आणि प्रवासात काहीही कधी सुटले नाही.

माझ्या मूळ वायरी उंदरांनी कुरतडल्या, उरलेल्या उन्हाने तडकल्या. बाबा एकेक करून त्या स्वतः बदलू लागले. कारखान्यात वायरीचे एक मोठे भेंडोळे पडून होते, ते त्यांनी मागून आणले. ते सगळे लाल होते. बघता बघता माझ्या पोटात बावीस वायरी झाल्या, बावीसही लाल. मला मनातून लाज वाटे, पण बाबांचे कधी अडले नाही. पुढच्या झाकणाखाली माझा फ्यूजचा डबा आहे. तिथून भोकातून आत येऊन वायरी डॅशबोर्डच्या मागे जातात. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना बाबांनी सुतळीचा तुकडा बांधला होता आणि त्या तुकड्याला गाठी मारल्या होत्या. एक गाठ उजवा दिवा, दोन गाठी हॉर्न, तीन गाठी वायपर. पुढच्या वायरींना गाठींचे आणखी प्रकार, आणि ते त्यांना ढीगभर येत होते. हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. ते बाबांच्या बोटांना माहीत होते.

मग बाबांची नजर अधू झाली. आधी पाट्या दिसेनाशा झाल्या, मग वर्तमानपत्र. आई त्यांना रोज सकाळी बातम्या वाचून दाखवू लागली आणि माझे चाकही तिच्या हातात आले. बाबा शेजारी बसत आणि म्हणत, "माझं वाचणं संपलं आता." हे ऐकून मला फार वाईट वाटे.

एके दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यातून परतताना पाऊस भुरभुरत होता. आईने वायपर लावला. तो काचेवर मध्येच अडकला आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डमधून धूर येऊ लागला. आईच्या तोंडचे पाणी पळाले. तिने मला रस्त्याकडेला थांबवले, बाबांना ओढून बाहेर काढले आणि दोघे लांब जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मला दोरी बांधून घरी आणावे लागले.

"बास झालं," आई म्हणाली. "सोमवारी भंगारवाला येतोय. मी बोलले त्याच्याशी."

भंगारवाला! मला किलोवर तोलणारा माणूस!

गुरुवारी ताई आली. ताई म्हणजे यांची मुलगी. ती लिफ्टच्या पॅनलमध्ये वायरिंग करते. चार दिवसांची रजा टाकून, पेटी घेऊन ती शेडमध्ये शिरली आणि आईला म्हणाली, "आई, रविवारपर्यंत थांब. रविवारी तू स्वतः बसून बघ. धूर निघाला तर मीच ढकलत नेऊन देईन हिला भंगारात."

"आणि निघाला नाही तर?"

"तर भंगारवाल्याला जुना फ्रिज दे."

ताईची कामाची पद्धत पाहून मी थक्क झाले, मित्रांनो. आधी तिने बॅटरीची तार काढली. मग माझ्या खालून-वरून टॉर्च फिरवला आणि वहीत माझ्या पोटाचे चित्र काढले. फ्यूजचा डबा उघडला तेव्हा मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका जळालेल्या फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली होती. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली नाजूक तार. वायर तापून पेटण्याआधी आपण तुटायचे, हे तिचे काम. चांदी तुटत नाही. वायपर अडकला, वायर तापत गेली आणि तिला थांबवणारे कोणी उरले नाही. धूर त्या वायरीचाच होता.

"हा शहाणपणा कोणाचा?" ताईने विचारले. दाराशी उभे असलेल्या बाबांनी मान वळवली.

थोड्या वेळाने ते पुढे आले. "मी काही धरू का?"

"तुम्ही बसा हो बाबा. तुम्हाला दिसायचं नाही." ती प्रेमानेच बोलली, पण घाईत. बाबा स्टूल घेऊन शेडच्या बाहेर गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांची ती पाठ मला बघवेना.

आणि मग ताईने ती चूक केली. तिला पसारा खपत नाही. तेलाने काळ्या पडलेल्या, चिकट सुतळ्या पाहून तिने नाक मुरडले, कात्री घेतली आणि फ्यूजच्या डब्याजवळचे सगळे तुकडे कापून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मला ओरडावेसे वाटले. पण हॉर्नसुद्धा वाजवता येत नव्हता, बॅटरीची तारच काढलेली!

शुक्रवारी दुपारी ताई फरशीवर फतकल मारून बसली. कोणती वायर कुठे जाते हे कळल्याशिवाय जुनी काढून नवी घालता येत नव्हती. एक ओढली की पाच हलत. डॅशबोर्डच्या मागे डोके जात नाही. आरसा धरला तर आरशातही लालच लाल. तिने हात टेकले.

"बाबा," तिने हाक मारली, "या वायरी तुम्ही ओळखायचात कशा?"

"सुतळी आहे की बांधलेली."

ताईने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "ती मी कापली."

"सगळी?"

"सगळी. बाबा, मला वाटलं कचरा आहे."

बाबा स्टुलावरून उठले, हाताने माझे दार चाचपत आत आले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. खरे सांगायचे तर ते जरासे खुशीत होते.

"आतली टोकं कापलीस का?"

"आत कात्री कुठे पोचतेय!"

"मग झालं तर. उशी आण गुडघ्याखाली घ्यायला."

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस होते. बाबांनी गुडघे टेकले आणि हात डॅशबोर्डच्या मागे घातला. तिथे कोणालाच दिसत नाही, चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही नाही. तिथे फक्त बोटे चालतात, आणि बाबांची बोटे चाळीस वर्षे दोरावर चाललेली. ताईने तिच्या वीज तपासायच्या मीटरची एक लांब तार त्यांच्या हातात दिली. बाबा सुतळी चाचपत, तार त्या वायरीला लावत आणि सांगत. पलीकडे ताई एकेका टोकाला दुसरी तार लावून बघे. वायर तीच असली की मीटर "टीं" करी.

"दोन गाठी. हॉर्न."

"टीं."

"तीन. वायपर. जळाल्याचा वास येतोय हिला."

"टीं."

"बाबा, लिफ्टमध्ये मी अशा सगळ्या वायरी लाल ठेवल्या ना, तर मला घरी बसवतील."

"तुझ्या लिफ्टमध्ये उंदीर आहेत का?"

"नाहीत."

"मग तू बोलू नकोस."

दोघे इतके हसले की आई चहा घेऊन आली ती तिथेच थांबली.

वायपरची वायर हातात असतानाच बाबा म्हणाले, "ती चांदी माझी. तुझ्या परीक्षेला जाताना फ्यूज उडाला होता. धो धो पाऊस, पुढचं काही दिसेना. तू मागे बसून चॉकलेट खात होतीस. म्हटलं, घरी गेल्यावर बदलू. राहूनच गेलं."

ताईने मीटर खाली ठेवला. "म्हणजे चॉकलेट माझंच होतं," ती म्हणाली आणि नाक पुसून पुन्हा मीटरकडे वळली.

बावीसच्या बावीस वायरी सापडल्या. मग ताईचे हात चालू लागले. तिने रंगीत वायरी आणल्या, मापाने कापल्या, टोकांना पितळी लग, म्हणजे वायर अडकवायच्या टोप्या, पकडीने दाबून बसवले, प्रत्येकीवर नंबराचे छोटे प्लास्टिकचे कडे सरकवले. माझ्या अंगाला जिथे अर्थिंगची तार टेकते तिथला गंज तिने पॉलिशपेपरने घासून लख्ख केला. सगळा भार माझ्या जुन्या बटणावर पडू नये म्हणून दिव्यांना रिले, म्हणजे मधला मदतनीस स्विच, बसवला. जुडी पट्टीने गुंडाळली, ती अगदी त्या खिळ्यांच्या फळीवरच्या बायकांसारखी. इतक्या वर्षांनी मला पुन्हा आतून नीट वाटले. असे हात पाहिले की जुने होण्याचे दुःख वाटत नाही.

रविवारी दुपारी आई माझ्यात बसली. काचा वर केल्या. दिवे, हॉर्न, वायपर, एकेक करून सगळे लावले आणि पंधरा मिनिटे नुसती वास घेत बसली. माझा जीव टांगणीला लागला होता. बाबा माझ्या पुढे उभे होते. दिवा लागला की नाही, ते त्यांना उन्हात दिसत नव्हते. त्यांनी दिव्याच्या काचेवर तळवा ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले. "पूर्वी इतका तापत नव्हता."

आई खाली उतरली आणि फोन लावला. "उद्या येताय ना? हो, या. फ्रिज आहे एक." माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी ताई कामाला गेली. थोड्या वेळाने बाबा एकटेच शेडमध्ये आले. उशी टाकली, गुडघे टेकले आणि सवयीने हात डॅशबोर्डच्या मागे घातला. ते जागच्या जागी थांबले. प्रत्येक नव्या वायरीला, नंबराच्या कड्याशेजारी, नव्या सुतळीचा तुकडा होता. एक गाठ. दोन गाठी. तीन. काही गाठी सैल आणि वेड्यावाकड्या होत्या. ताईला कुठे येतात बाबांसारख्या! पण चुकलेली एकही नव्हती.

आई वर्तमानपत्र घेऊन त्यांना शोधत आली. "अहो, काय करताय तिथे?"

बाबांनी हात बाहेर काढला नाही.

"वाचतोय," ते म्हणाले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिची जरूर दुरुस्ती करा, ती स्वच्छ करा, तिला नवे रंग द्या. फक्त कात्री लावण्याआधी, ती गाठ ज्याने मारली त्याला एकदा विचारा. तो बहुतेक बाहेरच स्टुलावर बसलेला असतो. आणि फ्यूजला चांदी गुंडाळू नका.