नावावरची गाडी

गाडी कोणती घ्यायची हे दिवाळीतच ठरलं होतं. त्या गाडीतली नेमकी कोणती, हे मात्र ठरता ठरत नव्हतं, आणि त्यासाठी कल्याणीच्या सासरचं अख्खं घर सकाळपासून सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये ठाण मांडून बसलं होतं. अख्खं घर म्हणजे नवरा उत्तरेश्वर, सासरे मच्छिंद्रआबा, बारावीतली मुलगी संस्कृती आणि स्वतः कल्याणी. पैकी बसले होते तिघंच. कल्याणी उठायची, काचेच्या दारापाशी जायची, फोन कानाला लावायची आणि परत येऊन खुर्चीच्या कडेला टेकायची.

वेल्ह्याच्या डोंगरात तिची आई, चंपाबाई, एकटी राहायची. सकाळपासून आईचा फोन लागत नव्हता. 'बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' हे फोनमधली बाई इतक्या गोड आवाजात सांगत होती, की कल्याणीला तिचा गळा धरावासा वाटत होता.

"रेंज नसेल गं," उत्तरेश्वर म्हणाला. "तिथं कधी असते?"

हे खरं होतं, पण त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. श्रावणात आई अंगणात घसरून पडली तेव्हाही फोन असाच लागत नव्हता. शेजारच्या गेनबाने टेकाडावर चढून रेंज पकडली तेव्हा कुठे इकडे कळलं. त्या वेळी आंबेगावच्या त्यांच्या अंगणात दोन पिकअप आणि एक मोटार उभी होती, आणि चालवणारा एक नव्हता. उत्तरेश्वर मार्केट यार्डात, लिलाव सोडून निघता येत नव्हतं. ड्रायव्हर कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. कल्याणी त्या गाड्यांमधून नुसती येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी ड्रायव्हर उगवला, निघाले, तर पानशेतच्या पुढे चिखलात त्या बुटक्या मोटारीचं पोटच टेकलं. उरलेला चढ ती डाव्या पायातला रॉड सांभाळत चालत गेली. तोवर गावच्या माणसांनी आईला बाजेवर घालून खाली आणलं होतं. "आगं, आसल्या पायाची तू कशाला आलीस?" आई बाजेवरून म्हणाली होती. आई पुढे सावरली. कल्याणी सावरली नाही.

म्हणून तर ही गाडी. उत्तरेश्वर काही वाईट माणूस नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने घरात जाहीर केलं होतं, "फोर बाय फोर घ्यायची. चारी चाकं ओढतात. सासूबाईंच्या दारात नेऊन उभी करतो." अगदी मनापासून म्हणाला होता. फक्त नेऊन उभी करणारा तोच, हे त्याने गृहीत धरलं होतं. आणि तो मोकळा असेल त्याच दिवशी सासूबाई घसरतील, हेही.

आता अडलं होतं ते असं. ठरवलेल्या पैशांत दोन गाड्या बसत होत्या. एक टॉप मॉडेल, छताला उघडणारी काच, टीव्हीएवढा स्क्रीन, चामड्याच्या सीटा, पण गिअर हाताने टाकायचे. दुसरी ऑटोमॅटिक, तिच्यात गिअर आपले आपण बदलणार, क्लच नाहीच, पण सीटा कापडी, स्क्रीन एवढासा आणि छत म्हणजे नुसतं छत. चारी चाकं दोन्हींत ओढत होती.

"सर, टॉप मॉडेल म्हणजे एकदम बेस्ट डिसिजन," सेल्समन सूरज म्हणाला. तो सगळी उत्तरं सरांकडे बघून द्यायचा. प्रश्न कल्याणीने विचारला तरी उत्तर सरांना.

"सनरूफ पाहिजेच हं पप्पा," संस्कृतीने बजावलं. "नाहीतर रील कशी काढणार? खिडकीतून?"

"रंग पांढरा," आबा म्हणाले. "आन् मला चढाया पायरी लावा खाली. पुढच्या शिटावर मी बसनार हाय."

पुढच्या सीटवर आबाच बसायचे, हे सांगायची गरज नव्हती. ते मुलाच्या लग्नात वरातीच्या गाडीतही पुढेच बसले होते.

"ऑटोमॅटिकचं काय?" कल्याणीने हळूच विचारलं.

"ऑटोमॅटिक म्हणजे गाडी चालवणं नाही, गाडीत बसणं," उत्तरेश्वर म्हणाला. "हातात गिअर नसेल तर घाटात मजा काय?" सगळे हसले. सूरजही हसला, हसायचा त्याला पगारच होता.

कल्याणी गप्प बसली आणि गप्प बसल्याचा तिला स्वतःचाच राग आला. लग्नानंतर स्कूटरवरून पडून पाय मोडला आणि त्यात रॉड बसला, तेव्हापासून क्लच दाबला की थोड्याच वेळात तिचा डावा पाय बधिर व्हायचा. तरी संस्कृतीचा क्लास सुटेपर्यंतच्या वेळात ती कात्रजच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होती, त्यांच्या ऑटोमॅटिक गाडीवर. लायसन्स घरी आलं तेव्हा उत्तरेश्वरने ते उलटसुलट करून पाहिलं होतं. "छान," म्हणाला होता, "विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालतं." एवढा आहेर झाल्यावर पुन्हा ते लायसन्स कपाटाबाहेर आलं नव्हतं. आज मात्र ते तिच्या पर्समध्ये होतं. कशासाठी आणलं, तिचं तिलाच धड माहीत नव्हतं.

तिने परत फोन लावला. परत तीच गोड बाई.

"सूनबाई, किती फिरशील? खाली बस की," आबा म्हणाले. "योग टळायच्या आत बुकिंग उरकू द्या." आज गुरुपुष्यामृत होतं आणि योग दुपारपर्यंतच होता. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं ते पान सरळ फाडून खिशात घालून आणलं होतं, आणि दर थोड्या वेळाने ते एकदा पान बघायचे आणि एकदा शोरूमचं घड्याळ.

गाडी अर्थात कल्याणीच्याच नावावर घ्यायची होती. त्यांच्या घरात तो रिवाजच होता. ती लग्न होऊन आली त्या वर्षी मार्केट यार्डात चिठ्ठ्या टाकून गाळे वाटले, आणि आबांना कोपऱ्याचा गाळा लागला. सुनेचा पायगुण! तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक चाक तिच्या नावावर. पिकअपच्या काचांवर पिवळ्या अक्षरांत 'कल्याणी' लिहिलेलं. यार्डातले हमाल 'कल्याणी आली, कल्याणी लावा' असं दिवसभर ओरडत, आणि खऱ्या कल्याणीच्या हातात आजवर यातल्या एकाही गाडीची किल्ली कुणी दिली नव्हती.

"सर, मग टॉप मॉडेल, मॅन्युअल, पांढरा. लॉक करतो," सूरज कीबोर्ड बडवत म्हणाला. "एकदा लॉक झालं की बदल नाही. बदल म्हटला की नंबर पुन्हा रांगेच्या शेवटाला. मॅडमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

कल्याणीच्या हातातला फोन थरथरला. आईचाच, असं वाटून तिचा जीव एकदम वर आला आणि मेसेज दिसताच खाली गेला. गाडीची सगळी माहिती, आणि खाली लिहिलं होतं, 'मान्य असल्यास हा क्रमांक विक्रेत्यास सांगावा.'

मान्य असल्यास. तिने ते शब्द पुन्हा वाचले. इतक्या गाड्या तिच्या नावावर झाल्या, पण मान्य आहे का, हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं.

"दे," उत्तरेश्वरने तिच्याकडे न बघताच हात पुढे केला. दर वेळी असंच व्हायचं. ओटीपी तिच्या फोनवर यायचा आणि वाचायचा तो.

तिने फोन दिला नाही. "मान्य नाही," ती म्हणाली.

"काय मान्य नाही? रंग?"

"गिअर." ती जरा मोठ्यानेच म्हणाली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं स्वतःची गाडी सोडून इकडे बघायला लागलं. "मला ऑटोमॅटिक पाहिजे. मला चालवायचीय ती. आईकडे जायला."

"अगं, मी आहे ना."

"तुम्ही आहातच. पण मार्केट यार्डात आहात."

उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. चारचौघांत बायकोने असं बोलावं याची त्याला सवय नव्हती, आणि बोलली ते खरं होतं याचा त्याला जास्त राग आला. "हे घरी बोलायचं होतं," तो म्हणाला.

"घरी बोलले होते. तुम्ही विमानतळाचं सांगितलंत."

"ठीक आहे. सूरज, माझ्या नावावर कर. माझा नंबर घे. सांगतो."

एवढं सोपं होतं तर. नाव काढलं की संपलं. कल्याणीने पर्सचा बंद घट्ट धरला आणि आता रडायचं नाही एवढंच स्वतःला सांगत राहिली.

"हात काढ रं त्या मशिनीवरनं!" आबा सूरजवर कडाडले. मग मुलाकडे वळले. "खुळा झालास का? हिच्या नावावर घेतलं ते समदं सुखानं चाललंय. तुझ्या नावावर काय आनलंवतं, आठव जरा."

उत्तरेश्वरने एकदाच हौसेने स्वतःच्या नावावर ट्रॅक्टर घेतला होता. तो पहिल्याच महिन्यात विहिरीत गेला. त्या ट्रॅक्टरचा विषय काढायची घरात कुणाची टाप नव्हती; आबांची सोडून.

"मग तुम्हीच सांगा तिला," उत्तरेश्वर पुटपुटला.

आबांनी घड्याळाकडे पाहिलं. "सूनबाई, येळ जातोय. दे आकडे."

पायगुणावर कल्याणीचा कधीच विश्वास नव्हता. गाळा चिठ्ठीने लागला होता, आणि चिठ्ठी काढली होती भलत्याच माणसाने. हे ती आबांना आत्ता सांगू शकत होती. म्हाताऱ्या माणसाच्या भीतीचा आपण फायदा घेतोय, याची तिला लाज वाटली. पण बाजेवरची आई डोळ्यांसमोर आली आणि तिने ती लाज गिळून टाकली.

"आबा, माझ्या नावावर घ्यायची असेल तर मला चालवता येईल अशी घ्या," ती म्हणाली. "नाहीतर खुशाल यांच्या नावावर घ्या. मी आडवी येत नाही. पण मन मारून मी आकडे सांगणार नाही."

आबांनी खिशातलं पान काढलं, पाहिलं, परत ठेवलं. घरच्या लक्ष्मीने मन मारून आणलेली गाडी, तीही गुरुपुष्याला! त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक ती विहीरच आली असावी.

"त्या आपोआप गिअरवालीत," त्यांनी शेवटी विचारलं, "मला पुढं बसता यील का?"

"पुढेच बसा. माझ्या शेजारी."

"पायरी?"

"लावून घेऊ."

"म्हणजे सनरूफ गेलं," संस्कृतीने सुस्कारा टाकला. मग जरा विचार केला. "पण मग मलापण शिकायला ईझी जाईल, नाही का मम्मी?" आणि तिने आपली खुर्ची आईच्या बाजूला सरकवली. मुलीचा पाठिंबा मिळाला तो असा, हिशेब लावून, पण मिळाला.

उत्तरेश्वर एकटाच पडला. "कापडी सीटा," तो म्हणाला. "गाळ्यावर लोक काय म्हणतील?"

"बसून बघा म्हनावं," आबा म्हणाले.

तो बराच वेळ टेबलावरचं माहितीपत्रक उलगडत आणि मिटत राहिला. मग खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं, पण तो चढ. पावसाचा. भीती नाही वाटणार तुला?"

"वाटेल ना," कल्याणी म्हणाली. "पण फोन लागत नाही तेव्हा जी वाटते, ती याहून वाईट असते."

त्याने माहितीपत्रक बाजूला ठेवलं. "बदल रे," तो सूरजला म्हणाला. "ती सांगते तसं कर."

"मॅडम, एकदम बेस्ट डिसिजन," सूरज म्हणाला, आणि पहिल्यांदाच मॅडमकडे बघून म्हणाला.

नवा मेसेज आला. या वेळी कुणी हात पुढे केला नाही. कल्याणीने आकडे स्वतः वाचले, सावकाश, पाढे म्हणावेत तसे. मधला एक चुकला, तो परत सांगितला. सूरजने कळ दाबली आणि गाडी तिच्या नावावर लागली. आबांनी खिशातल्या पानाला हात लावून नमस्कार केला.

इतक्यात फोन वाजला. आई!

"आगं, वर लाइटच न्हवती रात्रीपासनं," चंपाबाई सांगत होत्या. "फोन मेला व्हता. खाली दुकानात चार्जिंगला लावलाय आत्ता. किती फोन केलंस गं!"

सकाळपासून कल्याणीच्या छातीवर बसलेलं काहीतरी उठलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी येणारे तुझ्याकडे," एवढंच ती म्हणाली.

"ये की. कुनासंगं येतीस?"

आई दर वेळी हेच विचारायची. जावई असला तर कोंबडं, ड्रायव्हर असला तर चार भाकरी जास्त. तिला तसा अंदाज घ्यावा लागायचा.

"एकटीच."

आईचा आवाज एकदम घाबरा झाला. "एकटी? भांडून निघालीस व्हय गं?"

कल्याणी रडता रडता हसली. उत्तरेश्वरने भुवया उंचावून काय झालं म्हणून विचारलं, तर तिने नुसतीच मान हलवली.

"नाही गं आई. स्वतः गाडी चालवत येणारे."

"तू? आन् पाय? त्या डाव्या पायाला झेपंल का?"

"त्या गाडीत डाव्या पायाला कामच नाही, आई. तो नुसता बसून राहणार."

पलीकडून आईने नाक ओढल्याचा आवाज आला. "मग ये," ती म्हणाली. "एकीपुरतं पीठ मळते."

"अगं, आज नाही! गाडी यायचीय अजून! आई?"

फोन कट झाला होता. कल्याणीने परत लावला, तर ती गोड बाई आली. आई आता चढ चढून घरी जाणार, पीठ मळणार आणि दारात बसून वाटेकडे बघणार.

"बसा ना मॅडम, पेढे मागवलेत," सूरज म्हणाला.

कल्याणी उभीच होती. "गाडी कधी मिळेल?" तिने विचारलं.